आधी दुखणं, मग वैद्य

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेले आपल्याकडचे आईवडील मार्च महिन्यात हमखास चक्रावतात. टीव्हीवर, ऑफिसात, शेजारच्या अंगणात, जिकडे पाहावं तिकडे कॉलेजच्या बास्केटबॉलची चर्चा सुरू असते. स्पर्धा संपते न संपते तोच दुसऱ्या बातम्या येऊ लागतात. अमक्या विद्यापीठानं प्रशिक्षक काढला, तमक्यानं नवा नेमला. मग एक साधा प्रश्न हमखास विचारला जातो. संघ हरतोय ना? मग जो सगळ्यात जास्त सामने जिंकतो त्याला जास्त पगार देऊन बोलवा. यात एवढं शोधायचं काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला १९८० सालात जाऊ. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठानं त्या वर्षी ३३ वर्षांच्या एका प्रशिक्षकाला नेमलं. आदल्या हंगामात त्याचा संघ ९ सामने जिंकला होता आणि १७ हरला होता. त्याचं आडनाव उच्चारायलाही लोकांना जड जात होतं. माइक शशेफ्स्की हे त्याचं नाव. पुढे सारी अमेरिका त्यांना ‘कोच के’ म्हणू लागली. २०२२ साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १,२०२ विजय आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं होती.

‘जास्त सामने जिंकणारा आणा’ हा नियम पाळला असता, तर ड्यूकनं या माणसाचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला ठेवला असता. मग पाहायचं तरी काय? या प्रकरणात ते पायरीपायरीनं समजून घेऊ.

१. नेमणूक कोण करतं आणि कशासाठी?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संघटना पाहते. तिच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ आहेत. हे संघ गटागटांत विभागलेले असतात आणि अशा गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. प्रत्येक संघ साधारण तीस सामने खेळतो. मार्चमध्ये निवडक साठाहून अधिक संघांची राष्ट्रीय बाद फेरी होते. त्या स्पर्धेत जागा मिळाली की हंगाम सार्थकी लागला, असं बहुतेक विद्यापीठं मानतात.

प्रत्येक विद्यापीठात क्रीडा विभागाचा एक प्रमुख असतो. त्याला ॲथलेटिक डायरेक्टर म्हणतात आणि प्रशिक्षकाची निवड मुख्यतः त्याच्या हाती असते.

आपल्याकडच्या क्रिकेट प्रशिक्षकावरून या कामाचा अंदाज येत नाही. आपल्या प्रशिक्षकाला निवड समिती खेळाडू देते. तिथला प्रशिक्षक स्वतःच निवड समिती असतो. गावोगावच्या शाळांतले खेळाडू तो हेरतो, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतो आणि ‘तुमचा मुलगा माझ्याकडे पाठवा’ असं सांगतो. मुलगा आला की त्याचा खेळ, त्याचा अभ्यास, त्याचा राग, त्याचं घरासाठी झुरणं, हे सगळं त्याच्याच पदरात पडतं. शिवाय बास्केटबॉलमध्ये एका वेळी मैदानात पाचच खेळाडू असतात. अकरा जणांच्या संघात एक कच्चा दुवा खपून जातो, पाचांत तो लगेच उघडा पडतो. याच कारणानं दोन चांगली मुलं आली तरी संघाचं रूप बदलतं.

चूक महागही पडते. मोठ्या विद्यापीठात करार बहुधा पाच-सहा वर्षांचा असतो आणि मुदतीआधी काढलं तर ठरलेली भरपाई द्यावी लागते. २०२१ साली इंडियाना विद्यापीठाला आपला प्रशिक्षक काढताना सुमारे एक कोटी डॉलर मोजावे लागले आणि ते देणगीदारांकडून उभे करावे लागले. ही रक्कम पुढच्या माणसाचा एक दिवसही पगार न देता गेलेली असते.

२. हरणं मोजायचं कसं?

वैद्याकडे जाण्याआधी ताप मोजावा लागतो. संघाचा ताप मोजायला जय-पराजयाचा आकडा पुरत नाही आणि गुणफलकही फसवतो.

समजा ‘अ’ संघ सामन्यागणिक ७५ गुण करतो आणि ‘ब’ संघ ६६. कोणाचं आक्रमण चांगलं? घाईत आपण ‘अ’ म्हणू. पण क्रिकेटमध्ये नुसत्या धावा सांगून भागत नाही, किती षटकांत हेही सांगावं लागतं. बास्केटबॉलचं ‘षटक’ म्हणजे चेंडूचा एक ताबा. चेंडू आपल्या हाती आल्यापासून तो प्रतिस्पर्ध्याकडे जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक ताबा. ‘अ’ संघ धावपळीचा खेळ करतो, म्हणून त्याला एका सामन्यात ७५ ताबे मिळतात. ‘ब’ संघ सावकाश खेळतो आणि त्याला ६० मिळतात. आता भागाकार करा. ‘अ’ चे दर ताब्यामागे १.०० गुण आणि ‘ब’ चे १.१०. म्हणजे आक्रमण ‘ब’ चं सरस आहे.

हाच हिशेब बचावालाही लावायचा. प्रतिस्पर्ध्याला दर ताब्यामागे आपण किती गुण देतो? आक्रमणाचा आणि बचावाचा असे दोन दर काढले, की दुखणं कुठल्या अंगाचं आहे ते कळतं.

डीन ऑलिव्हर या अभ्यासकानं २००४ सालच्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात याच्या पुढची पायरी मांडली. सामन्याचा निकाल मुख्यतः चार गोष्टींवर ठरतो, असं त्यानं दाखवलं. बास्केटकडे मारलेले फटके किती अचूक पडतात, चेंडू हातून किती वेळा निसटतो, चुकलेल्या फटक्यानंतर उसळलेला चेंडू कोण मिळवतं आणि प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणारे मोफत फटके किती पदरात पडतात. संघ चेंडू सारखा गमावत असेल आणि समिती मात्र उंच खेळाडू आणणारा प्रशिक्षक शोधत असेल, तर ती आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

३. आपोआप उतरणारा ताप

यानंतर एक अवघड प्रश्न येतो. प्रशिक्षक बदलायला हवाच का?

एक उदाहरण सोडवू. एका संघानं ३० पैकी १० सामने जिंकले आणि २० हरले. त्यांतले ९ सामने अगदी शेवटच्या क्षणी, दोन-तीन गुणांच्या फरकानं निकाली निघाले. या नऊपैकी संघानं १ जिंकला आणि ८ गमावले. असे अटीतटीचे सामने पुष्कळसे दैवावर असतात. चेंडू कड्यावर आदळून आत पडला की बाहेर, एवढाच फरक असतो. नशीब मधोमध उभं राहिलं असतं, तर संघानं यांतले चार-पाच जिंकले असते. मग एकूण विजय १३ किंवा १४ झाले असते. म्हणजे संघ दिसतो तितका वाईट नव्हता आणि पुढच्या वर्षी काहीही न बदलता तो थोडा सुधारण्याचीच शक्यता जास्त होती.

अशा वर्षानंतर नवा प्रशिक्षक आला आणि १४ सामने जिंकला, तर श्रेय त्याला मिळतं. सर्दीला औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर आठवड्यात, तसलाच हा गुण.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलवर या दिशेनं चांगलं संशोधन झालं आहे. ॲडलर, बेरी आणि डोहर्टी या तीन अभ्यासकांनी प्रशिक्षक बदललेल्या संघांची तुलना तशीच वाईट अवस्था असूनही न बदललेल्या संघांशी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं, की फार वाईट संघांना बदलाचा फारसा फायदा झाला नव्हता आणि मध्यम संघांचं तर नुकसानच झालं होतं. खेळ वेगळा आहे, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण बदल म्हणजेच इलाज, ही समजूत मात्र यामुळे हलते.

एक-दोन वाईट वर्षांवरून घाई करू नये. ताबा-दर मोजून, अटीतटीचे सामने वेगळे काढून आणि तीन वर्षांचा कल पाहूनही घसरण दिसत असेल, तर दुखणं खरं समजावं.

४. दुखण्याचे चार प्रकार

हरणारे संघ वरवर सारखेच दिसतात, पण हरण्याची कारणं वेगवेगळी असतात. ढोबळ मानानं चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार म्हणजे खेळाडूंचा तुटवडा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मिशिगन विद्यापीठाकडे पैसा, नाव, चाहते सगळं होतं. तरी २०२३-२४ मध्ये संघ ८ सामने जिंकला आणि २४ हरला. त्यांनी फ्लोरिडा अटलांटिक या लहान विद्यापीठाचे प्रशिक्षक डस्टी मे यांना आणलं. मे यांनी २०२३ मध्ये त्या फारशा कुणाला माहीत नसलेल्या संघाला ३५ विजय मिळवून देत देशातल्या शेवटच्या चारांत नेलं होतं. मिशिगनला येताना त्यांच्यामागोमाग त्यांचा सात फुटी खेळाडू व्लाड गोल्डिन आला. येल विद्यापीठातून डॅनी वुल्फ हा तितकाच उंच खेळाडू मिळाला. दोन इतके उंच खेळाडू एकाच वेळी खेळवणं सोपं नसतं, मे यांनी ते जमवलं. पहिल्याच हंगामात २७ विजय आणि १० पराभव झाले. साधनं होती, फक्त ती वापरून योग्य माणसं जमवणारा हवा होता.

दुसरा प्रकार म्हणजे पद्धतीचा अभाव. व्हर्जिनिया विद्यापीठ २००८-०९ मध्ये १० जिंकलं आणि १८ हरलं. तिथे टोनी बेनेट आले. त्यांच्याकडे वडील डिक बेनेट यांच्याकडून मिळालेली बचावाची एक पद्धत होती. आपापल्या प्रतिस्पर्ध्यामागे लांब धावत सुटण्याऐवजी, चेंडूजवळचा एक सोडून बाकीच्या चौघांनी बास्केटभोवतीच्या एका काल्पनिक रेषेच्या आत दाटीनं उभं राहायचं. घरात शिरायच्या वाटाच बंद करायच्या आणि समोरच्याला लांबून, अवघड फटका मारायला लावायचा. ही पद्धत शिकायला वेळ लागतो, पण ती शिकायला अचाट उडी लागत नाही. अभ्यासाची शिस्त असलेल्या आणि तीन-चार वर्षं टिकणारी मुलं घेणाऱ्या विद्यापीठाला ती नेमकी मानवली. पहिली दोन वर्षं विजय आणि पराभव जवळजवळ बरोबरीचे होते. पाचव्या वर्षी ३० विजय मिळाले. २०१८ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन असूनही हा संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. त्यांनी पद्धत सोडली नाही आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्रीय विजेते झाले.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, तुटलेल्या विश्वासाचा. २००३ साली टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठाच्या एका खेळाडूचा त्याच्याच संघातल्या मुलानं खून केला. चौकशीत फी भरण्यातले गैरप्रकार उघड झाले. ते झाकण्यासाठी तेव्हाच्या प्रशिक्षकानं मेलेल्या मुलाचीच बदनामी करण्याचा घाट घातल्याचंही बाहेर आलं. आईवडिलांनी आपलं मूल तिथे का पाठवावं? अशा वेळी ३२ वर्षांचे स्कॉट ड्रू तिथे आले. मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचा अनुभव एका वर्षाचा होता. शिक्षा म्हणून २००५-०६ मध्ये संघाला आपल्या गटाबाहेर एकही सामना खेळू दिला गेला नाही. त्या वर्षी ४ विजय आणि १३ पराभव झाले. ड्रू राहिले आणि घरोघर जाऊन मुलं आणत राहिले. पाचव्या हंगामात बेलर राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचलं. २०२१ च्या अंतिम सामन्यात त्यांनी तोवर एकही सामना न हरलेल्या गोंझागाला ८६-७० असं हरवलं. इथे डावपेचांचा पंडित आधी उपयोगी नव्हता. ज्याच्या शब्दावर घरचे विश्वास ठेवतील आणि जो पळून जाणार नाही, असा माणूस आधी हवा होता.

चौथा प्रकार म्हणजे जमीनच खडकाळ असणं. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९३९ साली पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. पण त्या स्पर्धेत स्वतः खेळायला त्यांना २०१७ साल उजाडावं लागलं. अभ्यासाच्या कडक अटी आणि आजूबाजूला बलाढ्य प्रतिस्पर्धी, यातून अनेक प्रशिक्षक येऊन गेले. अखेर शिकागोच्या उपनगरात वाढलेले आणि ड्यूकमध्ये शशेफ्स्कींच्या हाताखाली तेरा वर्षं काम केलेले ख्रिस कॉलिन्स आले. परिसर त्यांच्या ओळखीचा होता. कडक अभ्यासाचं विद्यापीठही जिंकू शकतं, हे त्यांनी ड्यूकमध्ये रोज पाहिलं होतं. तरीही त्यांना चौथ्या वर्षापर्यंत थांबावं लागलं.

या चौघांची अदलाबदल करून पाहा. बेलरच्या त्या अंधाऱ्या वर्षांत एका हंगामात चमत्कार करणारा माणूस टिकला नसता. उलट मिशिगनला पाच वर्षं थांबायची गरजच नव्हती. ‘चांगला प्रशिक्षक कोण?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ‘आमच्या दुखण्याला कोण?’ असं विचारल्यावर तो पुरा होतो.

५. उमेदवाराचं पुस्तक कसं वाचावं?

आता उमेदवाराकडे वळू. दोन शेतकरी आहेत. एकानं काळ्या कसदार जमिनीत वीस पोती पिकवली आणि दुसऱ्यानं मुरमाड माळावर बारा. चांगला शेतकरी कोण हे पोत्यांवरून कळत नाही. त्याआधी त्याच रानात किती पिकत होतं, हे विचारावं लागतं.

हे शशेफ्स्कींच्या बाबतीत करून पाहू. ते वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीचा, म्हणजे आर्मीचा, संघ शिकवत होते. तिथल्या मुलाला पदवीनंतर काही वर्षं सैन्यात सेवा करावी लागते. त्यामुळे व्यावसायिक बास्केटबॉलची स्वप्नं पाहणारा मुलगा तिकडे फिरकतही नाही. ते येण्याआधीच्या वर्षी, १९७४-७५ मध्ये, हा संघ ३ जिंकला आणि २२ हरला होता. त्यांच्या पाच हंगामांतले विजय आणि पराभव असे होते: ११-१४, २०-८, १९-९, १४-११ आणि ९-१७. बेरीज केली तर ७३ विजय आणि ५९ पराभव.

शेवटचा आकडा पाहिला तर माणूस अपयशी दिसतो. पण पहिल्या आकड्याला आधीच्या ३-२२ शेजारी ठेवा. एका वर्षात आठ विजय वाढले, दुसऱ्या वर्षात आणखी नऊ. मुरमाड जमिनीत त्यानं पीक काढलं होतं. शेवटची घसरणही खरी होती आणि ती लपवायचं कारण नाही. पण पाच वर्षांचं पुस्तक वाचणारा आणि शेवटचं पान वाचणारा यांचं मत वेगळं होणारच. ड्यूकचे क्रीडाप्रमुख टॉम बटर्स यांनी शेवटच्या पानावर निर्णय घेतला नाही.

या वाचनात आणखी दोन सापळे आहेत. पहिला, खेळाची जाण म्हणजेच प्रशिक्षण असं समजण्याचा. बास्केटबॉल ज्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये शोधून काढला, ते जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांचे ५५ विजय आणि ६० पराभव झाले. त्या नामवंत विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले ते एकटेच प्रशिक्षक आहेत. खेळ जन्माला घालणाऱ्या माणसाची ही गोष्ट ‘मोठा खेळाडू होता, त्यालाच नेमा’ म्हणणाऱ्यांनी आठवावी.

दुसरा सापळा मोठ्या घरातल्या सहायकाचा. विजेत्या संघाचा सहायक हा विजयाचा साक्षीदार असतो. विजयात त्याचा वाटा किती, हे शोधून काढावं लागतं. त्यानं आणलेले खेळाडू कोणते, त्याच्या हाताखाली घडलेले कोणते, हे नावानिशी विचारावं. कॉलिन्स यांच्यासारखी निवड यशस्वी होते, पण नुसतं घराणं पाहून ती करता येत नाही.

६. मुलाखतीत काय विचारावं?

समोर बसलेला प्रत्येक उमेदवार आत्मविश्वासानं बोलतो. बोलणं हा त्याच्या धंद्याचाच भाग आहे. म्हणून मोघम प्रश्न टाळावेत. ‘तुमचं तत्त्वज्ञान काय?’ याला सुंदर उत्तर मिळतं आणि कळत काहीच नाही. त्याऐवजी आपल्याच संघाचा हरलेला एक सामना दाखवावा आणि विचारावं, ‘यात तुम्ही काय बदललं असतं?’ आत्ता असलेल्या मुलांपैकी कोणाला ठेवाल आणि का? तुमचे सहायक कोण असतील? तुमच्या हातून झालेली मोठी चूक कोणती आणि त्यानंतर काय बदललं? या उत्तरांत शितावरून भाताची परीक्षा होते.

खरी माहिती मात्र खोलीबाहेर मिळते. त्याच्या जुन्या संघात बाकावर बसून राहिलेल्या मुलांना विचारावं. ज्याला खेळायला मिळालं त्यानं स्तुती करणं साहजिक आहे. ज्याला मिळालं नाही तोही आदरानं बोलत असेल, तर त्या माणसाकडे बारकाईनं पाहावं. अभ्यासाची जबाबदारी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना विचारावं, नियमभंगाची नोंद तपासावी. बेलरची गोष्ट वाचल्यावर हे का करायचं ते सांगायला नको.

अलीकडे एका प्रश्नाची नव्यानं भर पडली आहे. ‘एप्रिलमध्ये तुमचा सगळ्यात चांगला खेळाडू निघून गेला तर?’ पूर्वी विद्यापीठ बदललं की खेळाडूला बहुधा एक वर्ष बाहेर बसावं लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झालं. ही विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची एक यादी आहे. २०२१ मध्ये बदलीनंतर लगेच खेळायची मुभा मिळाली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेता येऊ लागले. १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. सगळे खेळ मिळून एका विद्यापीठाची पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती.

याचा अर्थ असा, की संघ पूर्वीपेक्षा लवकर उभा राहतो आणि पूर्वीपेक्षा लवकर मोडतोही. मिशिगनची झेप याच काळातली. प्रशिक्षकाला आता दरवर्षी नवी माणसं ओळखावी लागतात, थोड्या दिवसांत त्यांची मोट बांधावी लागते आणि असलेल्यांना धरून ठेवावं लागतं. २०२३ च्या यशानंतर फ्लोरिडा अटलांटिकची बहुतेक मुलं आणखी एक वर्ष मे यांच्याकडेच थांबली. दार उघडं असताना मुलं का थांबली, याचं उत्तर कुठल्याही मुलाखतीपेक्षा बोलकं आहे.

७. नेमल्यानंतरची तीन वर्षं

नेमणुकीच्या दिवशी हार घातले जातात, छायाचित्रं निघतात आणि निवड संपली असं सगळ्यांना वाटतं. निवडीचा दुसरा भाग तिथून सुरू होतो. पी हळद आणि हो गोरी, असं इथे होत नाही.

जीनो ऑरिएमा १९८५ साली कनेटिकट विद्यापीठाच्या महिला संघाकडे आले. पहिल्या वर्षी १२ विजय आणि १५ पराभव झाले. दहा वर्षांनी त्या संघानं ३५ पैकी ३५ सामने जिंकून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलायनाच्या महिला संघाचं २००८-०९ चं पहिलं वर्ष १०-१८ असं गेलं. त्यांचं पहिलं विजेतेपद २०१७ चं. केल्विन सॅम्पसन यांचं ह्यूस्टनमधलं पहिलं वर्ष १३-१९ आणि २०२५ मध्ये तोच संघ अंतिम सामन्यात. त्या सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ असं हरवणाऱ्या फ्लोरिडाच्या टॉड गोल्डन यांचंही पहिलं वर्ष १६-१७ होतं.

पण ही यादी वाचून ‘थांबा, सगळं ठीक होईल’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. ज्यांच्यासाठी थांबून काहीच हाती लागलं नाही, त्यांची नावं अशा यादीत येत नाहीत. म्हणून डोळे उघडे ठेवून थांबावं लागतं. शेत हिरवं होतंय की नाही, हे कापणीआधीही दिसतं. दर ताब्यामागचे गुण सुधारत आहेत का? आलेली मुलं पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी बरं खेळतात का? ती टिकतात का? नवी चांगली मुलं या माणसावर विश्वास ठेवून येत आहेत का? यांची उत्तरं ‘हो’ असतील, तर नुसत्या पराभवांनी घाबरू नये. तीच चूक तिसऱ्या वर्षीही होत असेल, मुलं दरवर्षी पळत असतील किंवा माणूस खोटं बोलताना सापडला असेल, तर थांबण्यात शहाणपण नाही.

आता ड्यूककडे परत जाऊ. १९८० साली ड्यूक काही रडतखडत चाललेला संघ नव्हता. दोनच वर्षांपूर्वी तो राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळला होता. तो रडू लागला तो शशेफ्स्कींच्याच काळात. पहिलं वर्ष १७-१३, दुसरं १०-१७, तिसरं ११-१७. तीन वर्षांत ३८ विजय आणि ४७ पराभव. मार्च १९८३ मध्ये गटाच्या स्पर्धेत व्हर्जिनियानं त्यांना १०९-६६ असं लोळवलं. माजी विद्यार्थी आणि देणगीदार संतापले. या माणसाला काढा, अशी मागणी उघडपणे होऊ लागली.

बटर्स यांनी त्यांना काढलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी उलट शशेफ्स्कींच्या कराराला पाच वर्षांची मुदतवाढ दिली.

या निर्णयामागची गोष्ट समजायला त्या ११-१७ च्या संघाची हजेरी घ्यावी लागते. जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बायलस आणि डेव्हिड हेंडरसन ही चार मुलं तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होती. शशेफ्स्कींनी ती स्वतः घरोघर जाऊन आणली होती. अठरा-एकोणीस वर्षांची ही पोरं मोठ्या, मुरलेल्या संघांविरुद्ध रोज मार खात होती आणि शिकत होती. तीन वर्षांनी, १९८५-८६ च्या हंगामात, हीच चौघं शेवटच्या वर्षात होती आणि शिकवणाराही तोच होता. ड्यूकनं त्या वर्षी ३७ सामने जिंकले, फक्त ३ हरले आणि राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना गाठला. त्या तीन पराभवांतला शेवटचा, लुईव्हिलविरुद्धचा ७२-६९ असा, अंतिम सामन्यातलाच होता. पहिल्या विजेतेपदासाठी त्यांना १९९१ पर्यंत वाट पाहावी लागली.

३७ विजय मिळवणारी माणसं ११ विजयांच्या वर्षातच मैदानावर होती. गुणफलकावर ती दिसत नव्हती. बटर्स यांनी ती पाहिली आणि त्यांच्या गुरूला आणखी पाच वर्षं दिली.